पावसाचा आकडा छापताना केंद्र आणि तासही छापा

संपादक महोदय,

मुंबईत चार तास पाऊस कोसळला की बातमीत '२६ जुलैची आठवण' हमखास येते. सोबत छापला जाणारा ९४४ मिमीचा आकडा मात्र बहुधा अर्धवट असतो. तो सांताक्रूझ वेधशाळेचा, २६ जुलै २००५च्या सकाळी साडेआठपासून २७च्या सकाळी साडेआठपर्यंतचा. मोजणी जिथं संपते ती तारीख लावायची पद्धत असल्याने नोंदीत तो २७ जुलैला पडतो. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७३ मिमी झाला. 'मुंबईत ९४४' हे कुलाबेकरांच्या बाबतीत सरळ चूक.

शिवाय चोवीस तासांच्या बेरजेवरून शहर का बुडालं ते कळत नाही. त्या दुपारी एका तासात सुमारे १९० मिमी, अडीच ते साडेसहात ४८१. पर्जन्यजलवाहिन्या तेव्हा ताशी २५ मिमीच्या हिशेबाने बांधलेल्या, आणि तोही हिशेब ओहोटीचा. त्यात ३ वाजून ५० मिनिटांनी ४.४८ मीटरची भरती. नाल्यांची मुखंच पाण्याखाली गेल्यावर निचरा होणार कुठून? लोकांनी (आणि सरकारनेही) खापर फोडलं ते प्लास्टिकच्या पिशव्यांवर. पिशव्यांनी नाले तुंबतात हे खरं, पण स्वच्छ नालाही त्या तासात पुरा पडला नसता.

मोजणीतही मेख असते. २०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या पर्जन्यमापकात १ मिमी म्हणजे २० मिलिलिटर. ९४४ मिमीचे जवळपास १९ लिटर होतात. आतली बाटली वेळोवेळी मोजून रिकामी केली नाही तर ती वाहते आणि खरा आकडा कायमचा जातो. खेड्यापाड्यांतल्या केंद्रांचे जुने 'विक्रम' वाचताना हे ध्यानात ठेवावं.

आणि कुलाब्याचा उच्चांक? ५ जुलै १९७४च्या नोंदीत ५७५.६ मिमी. त्याचं कुणी नावही काढत नाही.

तेव्हा विनंती एवढीच: अतिवृष्टीच्या बातमीत केंद्राचं नाव, मोजणी कधीपासून कधीपर्यंत, सर्वाधिक पावसाचा तास आणि भरतीची वेळ व उंची द्यावी. महापालिकेच्या स्वयंचलित केंद्रांचे आकडे वेधशाळेच्या आकड्यांत न मिसळता वेगळे छापावेत.

आपला,
एक वाचक, मुंबई