आडनावे एलिस बेटावर बदलली नाहीत

महोदय,

अमेरिकेतील ज्यू कुटुंबांविषयीच्या लेखांत, न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावरच्या तपासणी केंद्रातील कारकुनांनी स्थलांतरितांची आडनावे परस्पर बदलली, असे आजही सर्रास छापले जाते. हे खरे नाही आणि आपल्या घराण्याची वंशावळ शोधू पाहणाऱ्याची त्यामुळे मोठी दिशाभूल होते. 1892 मध्ये सुरू झालेल्या त्या केंद्रावरील प्रवासी याद्या हॅम्बुर्ग, ब्रेमेनसारख्या बंदरांत जहाज कंपन्यांनीच केलेल्या असत; तपासनीस त्या समोर ठेवून प्रश्न विचारीत आणि यिडिश ही पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा जाणणारे दुभाषेही तेथे नेमलेले असत. आडनावे बदलली ती बहुधा नंतर आणि स्वेच्छेने. 1893 मध्ये लहानपणी आलेल्या संगीतकार अर्व्हिंग बर्लिन यांचे ‘बेलाइन’ हे आडनाव 1907 मध्ये त्यांच्या पहिल्या छापील गीतावर ‘बर्लिन’ झाले.

शोध घ्यायचा तर 1906 च्या कायद्यानंतरचे नागरिकत्वाचे अर्ज पाहावेत, कारण त्यांत जन्मगाव, जहाज आणि आगमनाची तारीख नोंदवावी लागे. त्याहून मोलाचा पुरावा मला थडग्यांचा वाटतो. इंग्रजी आडनाव कितीही बदललेले असो, शिळेवरील हिब्रू ओळीत मृताच्या नावापुढे वडिलांचे नाव कोरण्याची प्रथा असल्याने, युरोपातच राहून गेलेली पिढी एका ओळीत हाती लागते. शिवाय एकाच गावच्या मंडळींनी संस्था काढून दफनभूमीत एकत्र जागा घेतलेली असे. त्यामुळे शेजारची थडगीही अवश्य वाचावीत.

– एक वाचक, पुणे