नाव मिळाले, डबक्यांचे काय?

महोदय,

नवी प्रजाती म्हटली की डोळ्यांसमोर ॲमेझॉनचे जंगल येते. पण २००९ साली शास्त्राला नव्याने कळलेला एक भेक, म्हणजे बेडकाचाच एक प्रकार, आमच्या आंबोलीच्या सड्यावरचा, म्हणजे जांभ्याच्या कातळपठारावरचा आहे. अंगठ्याएवढा जीव, कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे. त्यावरूनच त्याचे नाव पडले ‘झँथोफ्रायनी टायगेरिना’. पहिल्या पावसात जांभ्याच्या खळग्यांत बोटभर पाणी साचते, त्यातच तो अंडी घालतो. नेमक्या त्याच सड्यावर आपण गाड्या लावतो, शिल्लक वडापावचे कागद टाकतो. रात्री रस्त्यावर चिरडलेले भेक पाहून जीव कळवळतो.

२०२० मध्ये इथल्याच देवळाच्या कुंडातल्या माशाला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नदीचे नाव मिळाले आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. फार चांगले झाले. मग सड्यांनाही तसेच संरक्षण का नको? निदान जून-जुलैत तिथे वाहने नेण्यास बंदी घालावी आणि घाटात रात्री वेगमर्यादा काटेकोरपणे पाळली जावी, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, सावंतवाडी