कापसावर बोला, मग मत मागा

महोदय,

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या प्रचाराच्या गाड्या सध्या गावात दिवसभर भोंगे वाजवत फिरत आहेत. परवा आलेल्या उमेदवाराने सभामंडप, पेव्हर ब्लॉक आणि हायमास्ट दिव्यांची यादी वाचली. कापसाचं नावही नाही! लांब धाग्याच्या कापसाचा यंदाचा, म्हणजे २०२४-२५ च्या हंगामाचा, हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये आहे. तो मिळतो सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर, आणि तिथे ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत. पहिल्या वेच्याचा कापूस दवाने ओला असतो. घरात वाळवायला जागा नाही, वेचणाऱ्या बायांची मजुरी थकवता येत नाही, म्हणून तो खेडा खरेदीवाल्याच्या, म्हणजे गावात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या, काट्यावर मागेल त्या भावात जातो. हमीभाव दिल्लीत ठरतो हे आम्हालाही कळतं. पण केंद्रं वेचणीसोबतच उघडावीत, बाजार समितीत कापूस वाळवायला ओटे असावेत, यासाठी आमदार भांडू शकतो की नाही?

शेतीपंपाच्या रात्रीच्या विजेचंही तेच. हरभऱ्याला पाणी द्यायला अंधारात, सापाविंचवातून जावं लागतं. वरून रानडुकरांची राखण. विदर्भाचा मागे राहिलेला विकास बघणाऱ्या विदर्भ वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, त्यावर तर आमच्याकडे आलेला एकही उमेदवार बोलला नाही.

मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला आहे. त्याआधी आपल्या दैनिकाने प्रत्येक उमेदवाराला हे प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरं नावानिशी छापावीत, ही कळकळीची विनंती.

– एक कापूस उत्पादक शेतकरी, ता. राळेगाव, जि. यवतमाळ