बाबा, तो बेबाकी दाखला शोधून ठेवा

छत्रपती संभाजीनगर,
१८ जानेवारी २०२६

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, ही गोष्ट फोनवर सांगता येत नाही. तुरीची रास चालू असताना बाबा फोन उचलतात, "जेवलीस का?" एवढे विचारतात आणि ठेवून देतात. मला जे सांगायचे आहे, त्याला थोडा निवांतपणा हवा. आई, हे पत्र तू मोठ्याने वाचून दाखव. बाबांच्या चष्म्याचा नंबर अजून बदलून घेतलेला नाही, हे मला ठाऊक आहे.

माझ्या इंटर्नशिपला चार महिने पूर्ण झाले. मी जालना रोडवरील एका वित्त कंपनीच्या कर्ज-छाननी विभागात बसते आणि वाळूज, चिकलठाणा इथल्या लहान वर्कशॉपवाल्यांचे अर्ज माझ्या टेबलावर येतात. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, जीएसटीची विवरणपत्रे आणि बारा महिन्यांचे बँक स्टेटमेंट समोर ठेवून, कागदावर दाखवलेली उलाढाल आणि खात्यात प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम यांचा एक्सेलमध्ये मेळ घालणे, हे माझे मुख्य काम. अपेक्षित उलाढाल एक कोटीची असेल तर खेळत्या भांडवलासाठी सुमारे २० लाखांची कर्जमर्यादा धरावी, हा लहान उद्योगांच्या कर्जांविषयीच्या नायक समितीचा ठोकताळा मी अंबाजोगाईला बी.कॉम. करताना पाठ केला होता. लेथ चालवणाऱ्या एका उद्योजकाने, माल जाऊन तीन महिने झाले तरी पैसे आले नाहीत आणि कामगारांचा पगार मात्र शनिवारी द्यावाच लागतो, असे सांगितले तेव्हा त्याचा अर्थ समजला. लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असा कायदा असूनही ही स्थिती आहे. त्यांचे बोलणे ऐकताना मला आडतीवर सोयाबीन घालून पट्टीच्या पैशांची वाट पाहणारे बाबा दिसत होते.

आता मूळ विषयाकडे येते. दीड वर्षापूर्वी माझ्या एमबीएसाठी शैक्षणिक कर्ज मागायला बाबा, तुम्ही आणि मी लातूरला गेलो होतो. सहकर्जदार म्हणून बाबांची कागदपत्रे दिली, आणि समोरच्या साहेबांनी मान वर न करता "वडिलांचे रेकॉर्ड खराब आहे" एवढेच सांगून फाइल परत केली. परतताना एसटीत बाबा, तुम्ही अंबाजोगाईपर्यंत एक शब्दही बोलला नाहीत, आणि घरी आल्यावर आईला म्हणालात, "माझ्यामुळे पोरीचे शिक्षण थांबले." ते वाक्य मी स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकले होते. तुमच्याकडून काय चूक झाली, हे तेव्हा मलाही समजले नव्हते, आणि विचारण्याचे धाडस झाले नाही.

इथे आल्यावर पहिल्याच पंधरवड्यात मला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे माणसाची कर्जे आणि त्यांची परतफेड यांची नोंद, वाचायला शिकवले. त्यातला स्कोअर, म्हणजे पत दाखवणारा आकडा, ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. पण खरी गोष्ट खालच्या चौकोनांत असते, जिथे प्रत्येक महिन्यासमोर हप्ता किती दिवस थकला ते लिहिलेले असते. '०००' म्हणजे वेळेवर, '०९०' म्हणजे ९० दिवस थकीत. आपण स्वतः घेतलेल्या कर्जाबरोबर आपण ज्याला जामीन राहिलो, त्याचे कर्जही तिथे दिसते. कारण १८७२ च्या करार कायद्यानुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. हे वाचले आणि ज्याच्या कर्जाला तुम्ही जामीन राहिला होतात, तो तात्यांचा टेम्पो माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. तात्यांचे हप्ते थकल्यावर तुम्ही खोंडांची जोडी विकून ते कर्ज फेडलेत आणि कर्ज पूर्ण फिटल्याचा बेबाकी दाखला आणलात. कर्ज देणाऱ्या त्या संस्थेने मात्र फेड झाल्याची नोंद क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्यांना कळवलीच नसावी, असा माझा अंदाज आहे, आणि म्हणूनच तुमच्या नावापुढे ते कर्ज अजून थकलेले दिसत असावे.

गेल्या महिन्यात हुबेहूब अशीच एक फाइल माझ्याकडे आली. अर्जदाराचा धंदा चांगला होता, पण जामीन राहिलेल्या एका कर्जापुढे '०९०' होते. नियमाप्रमाणे 'शिफारस नाही' असे लिहायचे होते, आणि बाबा, तो नियम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. कर्ज देणाऱ्याने दुसऱ्याचा पैसा जपायचाच असतो. तरीही माझा हात थांबला. अर्जदाराला फोन करून विचारण्याची परवानगी मी आमच्या वरिष्ठांकडे मागितली, आणि शेऱ्यात लिहिले की, सदर कर्ज फेडल्याचे अर्जदाराचे म्हणणे असून दाखला पाहून निर्णय घ्यावा. चार दिवसांनी ते गृहस्थ दाखला घेऊन आले, आणि अर्ज पुढे गेला. त्या संध्याकाळी खोलीवर आल्यावर मी खूप वेळ रडले. लातूरच्या त्या टेबलामागच्या माणसाने एकच प्रश्न विचारला असता, तर तुम्ही पिशवीतून दाखला काढून दिला असता. तो तुमच्याजवळच होता.

म्हणून एक विनंती आहे. वर्षातून एकदा आपला संपूर्ण क्रेडिट रिपोर्ट मोफत मिळतो; तुमचा मला काढू द्या. माझा अंदाज खरा ठरला, तर दाखला जोडून तक्रार करता येते, आणि ३० दिवसांत तिचा निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आई, पत्र्याच्या पेटीत सातबाऱ्याच्या खाली तो बेबाकी दाखला आहे का, ते पाहून ठेव.

दुसरे, भाऊच्या मोटारसायकलसाठी १२ टक्क्यांचे कर्ज सांगणारा जो माणूस येतो, त्याला व्याज फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर, आहे का, हे आधी विचारा. एक लाखावर तीन वर्षांत फ्लॅट पद्धतीने ३६,००० व्याज जाते. उरलेल्या मुद्दलावर आकारले तर १९,६०० च्या आत. आई, तुमच्या बचत गटात मुद्दल कमी झाले की व्याज कमी होते, तोच हिशेब त्याच्यासमोर मांड. ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जासोबत सर्व खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला तक्ता द्यावाच लागतो. तो हाती आल्याशिवाय बाबांनी सही करू नये. जामीन म्हणून तर नकोच, निदान मी येईपर्यंत.

इंटर्नशिप संपल्यावर कायम राहशील का, असे इथे विचारले आहे. मी होकार देणार आहे. एमबीए दोन वर्षांनी, माझ्या पगारावर करीन.

महाशिवरात्रीला येते. बाबा, चष्मा तेवढा तोपर्यंत करून घ्या; रिपोर्ट तुम्ही स्वतः वाचावा, अशी माझी इच्छा आहे.

तुमची लेक