तिसऱ्या वणव्यानंतर वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या गावामागचं जंगल मागच्या आठवड्यात पुन्हा जळालं. तीन वर्षांत तिसऱ्यांदा. गेल्या वर्षी वनखात्याच्या साहेबांनी गावात येऊन शब्द दिला होता की जानेवारीच्या आत जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढू. १५ फेब्रुवारीला वणव्याचा हंगाम लागला, तेव्हा त्या जाळरेषेवर गुडघाभर गवत उभं होतं. आग आम्हीच ओल्या डहाळ्यांनी झोडपून विझवली. माझ्या आईचे दोन्ही तळवे भाजले, अजून तिला भाकर थापता येत नाही.

वर आम्हाला सांगतात, झाडं उभी आहेत, नुकसान नाही. सागाची साल जाड, तो तगणारच. खाली वाकून कुणी पाहिलं? मी तिथे तांब्याभर पाणी ओतलं. ते मुरलं नाही, राख घेऊन उताराला लागलं. पाला जळतो तेव्हा त्यातलं नत्र धुरासोबत उडून जातं. राखेतल्या पालाशमुळे पहिल्या पावसात हिरवं दिसतं आणि तुम्ही म्हणता, जंगल सावरलं! एखाद्या वेळी सावरतंही. पण दरवर्षी जळालं तर कुजायला पानच उरत नाही. पाला कुजवणाऱ्या आणि मुळांना धरून जगणाऱ्या बुरशा जिवाणूंच्याही आधी मरतात. वारुळावर उगवणाऱ्या सात्या, म्हणजे खायच्या अळंब्या, आम्ही टोपलीभर आणायचो. दोन पावसाळे एकही दिसली नाही. मोहाची रोपं वीतभर होतात न होतात तोच जळतात, म्हातारी झाडं तेवढी राहिलीत. मोकळ्या जागेत रानमोडी हे तण माजते, ती वाळली की पुढच्या वणव्याला सरपण.

दोष मात्र मोह वेचणाऱ्या बायांचा. हो, पडलेली फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला आमच्यातलेही जाळतात. म्हणूनच फुलं झेलायला जाळ्या मागितल्या होत्या, त्या कुठे आहेत? तेंदूला कोवळी पानं फुटावी म्हणून जे जंगल पेटवतात, त्यांना कोण विचारतं? उपग्रहाचा इशारा मोबाइलवर येतो, माणूस येत नाही. जंगल जळालं की गावाचं, सागवान तोडायचं असलं की सरकारचं. १९२७च्या वन कायद्यापासून हेच चाललंय. आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर गावाचा हक्क, मिळाला, आमचा दावा अजून फाइलीतच.

पंचनाम्यात झाडांसोबत मातीचाही रकाना ठेवा. पुढच्या मोहाआधी जाळ्या द्या. आणि जूनच्या आत उतारावर दगडी बांधांचं रोजगार हमीचं काम काढा, नाहीतर उरलीसुरली माती आमच्या बोडीत, म्हणजे गावच्या छोट्या तळ्यात, येऊन बसेल. त्या बोडीच्या पाण्यावर गावाचं धान आहे.

आपला,
एक मोह वेचणारा शेतकरी