ओकिनावाहून, वादळ निघून गेल्यावर

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायला घेतलं की आईचा गळा दाटतो आणि बाबा ‘बरं, जेवलीस का?’ म्हणून विषय संपवतात. म्हणून पत्र लिहितेय. शेवटपर्यंत वाचा, मगच फोन करा.

मी इथे जपानात आणखी पाच वर्षं राहायचं ठरवलंय. कागदावर सहीसुद्धा केली, गणपतीच्या आधीच. आरतीला तुम्ही व्हिडिओ लावलात तेव्हा सांगणार होते. पण आई, तू निरांजन कॅमेऱ्यासमोर धरलंस, मला आरती घेता यावी म्हणून, आणि मला पुढे बोलवेना.

वरची खोली तुम्ही रंगवून घेतली आहे, हे दादाने सांगितलं मला. त्यामुळे जास्तच जड जातंय. पण प्रवाळावरचं हे काम मला दुसरीकडे कुठे मिळणार नाही. पगार बरा आहे, कर्ज फिटत आलंय, आणि निघायचंच झालं तर एका दिवसात मी मुंबईत उतरते. पुण्याला होते तेव्हा शिमग्याच्या गर्दीत श्रीवर्धन गाठायलाही दिवस जायचाच की. सगळी कारणं खरी आहेत. तरी आई, तू एवढंच म्हणशील की दर वर्षी वादळं येतात त्या बेटावर माझ्या पोरीने का राहायचं.

परवाच एक येऊन गेलं. इथे वादळाला नावाने कोणी ओळखत नाही, जानेवारीपासून मोजलेल्या नंबराने ओळखतात. वर्षाला सरासरी सात-आठ तरी या बेटांच्या जवळून जातात, त्यातली बरीचशी ऑगस्ट-सप्टेंबरात. बाबा, तुम्हाला आकडा लागतो म्हणून सांगते. इथून जवळजवळ तीनशे किलोमीटरवर मियाको बेट आहे, तिथे १९६६ साली वाऱ्याचा झोत सेकंदाला ८५.३ मीटर मोजला गेला. ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. हे आईला मोठ्याने वाचून दाखवू नका. असं सोसलेलं आहे म्हणूनच इथली बहुतेक घरं काँक्रीटची आहेत, वर सपाट स्लॅब, उडायला पत्रा नाही. जुनी कौलारू घरं उरली आहेत त्यांची लाल कौलंही चुन्याच्या गिलाव्याने पक्की बसवलेली असतात. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, बाहेर एवढा वारा असतानाही भिंत हलत नाही. खिडकीच्या खाचेतून पाणी उडतं तेवढंच, तिथे मी जुने टॉवेल कोंबते. वादळ येतंय हे तीन-चार दिवस आधी कळतं. टबात पाणी भरून ठेवते, कुंड्या आणि कपड्यांची दांडी आत घेते. पाव मात्र आधीच आणावा लागतो, दुकानातून तो सगळ्यांत आधी संपतो.

आणि मी एकटी नसते. खालच्या मजल्यावर घरमालकीण बाई राहतात, ऐंशीच्या पुढच्या. बस बंद झाल्या की त्या मला खाली बोलावून घेतात आणि छोट्या शेगडीवर हिरायाची करतात. मैदा पातळ भिजवायचा, त्यात अंडं आणि लसणासारखा वास येणारी पात चिरून घालायची, डब्यातला मासा असला तर तोही, आणि तव्यावर पातळ पसरायचं. वादळात बाहेर जाता येत नाही, तेव्हा घरात असेल त्यात भागवायचा हा पदार्थ. पहिल्या वर्षी त्यांनी उलथन्याने कड सोडवली आणि मी तिथेच रडायला लागले. त्यांना वाटलं मी वाऱ्याला घाबरले. आई, ते तुझं धिरडं होतं गं. माजघरात कंदील, बाहेर पोफळी एकमेकींवर आपटतायत, बाबा दाराला अडसर घालून वर पाठ टेकून बसलेत आणि तू धिरडी घालतेयस. पहिलं मला, कारण मला मऊ जाळीचं लागायचं. दादाचं कडक, शेवटी.

मध्येच कधी वारा एकदम पडतो, आभाळ उजळतं. वादळाचा डोळा डोक्यावर येतो तेव्हा असं होतं. नंतर उलट दिशेने वारा येतो, त्याला इथे ‘काएशी’ म्हणतात, म्हणजे परतीचा. तेवढ्या वेळात बाई मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाहीत. बाबा, निसर्ग वादळाच्या दिवशी वारा जरा कमी झाला म्हणून तुम्ही बाहेर पडलात आणि गोठ्याचा पत्रा तुमच्या अंगावरून गेला. हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. दोन वर्षांनी दादाकडून कळलं.

३ जून २०२० नंतर चार दिवस तुमचा फोन लागला नव्हता. विमानं बंद. मी इथे समुद्राकडे तोंड करून नंबर फिरवत बसले होते. पाचव्या दिवशी बाबा बोललात, ‘आम्ही ठीक, पोफळी गेल्या.’ एवढंच. तुम्हाला माझी गरज होती तेव्हा मी नव्हते, ते माझ्या मनातून गेलेलं नाही. आणि २०२३ च्या ऑगस्टात मीही तुम्हाला तसंच ताटकळत ठेवलं. ते सहा नंबरचं वादळ पुढे गेलं आणि वळून पुन्हा इकडे आलं. ओकिनावात दोन लाखांहून जास्त घरांची वीज गेली, त्यात माझीही. दोन दिवस मी कळवू शकले नाही आणि आई दोन दिवस जेवली नाही. आता दोन मोठ्या पॉवर बँक घेतल्यात. वादळाआधी एक मेसेज करीन, नंतर एक. मध्ये फोन लागला नाही तर मी खाली बाईंकडे आहे, असं समजायचं आणि आईने जेवायचं.

वादळ गेलं की काचांवर मिठाचा पांढुरका थर बसलेला असतो, बोट फिरवलं तर रेघ उमटते. खारं पाणी बसून पानं भाजल्यासारखी होतात, म्हणून बाई आधी नळी घेऊन कारल्याचा वेल धुतात, मग बाकी घर. आणि वादळ आलं नाही तरी इथे काळजीच असते. धरणांना पाणी कमी पडतं, समुद्र तापतो, माझे प्रवाळ पांढरे पडतात.

बाबा, इथल्या गावांत घराभोवती फुकुगीची झाडं दाट लावलेली असतात, वारा अडवायला. जाड, चकचकीत पानं, सावकाश वाढतं, पण मूळ सोडत नाही. नाव शोधलं तर आपल्या रातांब्याच्याच कुळातलं निघालं, गार्सिनिया! आपल्या वाडीत समुद्राच्या अंगाला रातांब्यांची रांग चालेल का? २०२० नंतर लावलेल्या पोफळींना आता आडोसा हवाच. तुम्ही म्हणाल तसं.

स्लॅबचं मात्र तुम्ही म्हणाल तसं नाही. मागच्या दोन खोल्यांवर स्लॅब टाकायचा, पैसे दादाकडे पाठवलेत, पाऊस संपला की काम सुरू. ‘बघू’ म्हणायचं नाही. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आता शिडीवर चढायचं नाही, कौलं चाळायला गडी बोलवायचा. वारा पडला तरी अर्धा दिवस घरातच बसायचं. आई, बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या जास्त आणून डब्यात ठेव, वरच्या फळीवर नको, गुडघा दुखतो तुझा. घराची कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, बॅटरीचे सेल नवे. शेजारच्या काकूंचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव.

रागावतेय असं वाटून घेऊ नका. इथे रोज रात्री हे सगळं डोक्यात फिरतं, ते एकदा लिहून काढलं.

वरची खोली बंद ठेवू नकोस आई. दिवाळीच्या आधी येतेय, तीन आठवडे, तिकीट काढलंय. आणि पावशेर आमसुलं बाजूला काढून ठेव, बाईंना हवी आहेत.

तुमची,
मनू