यंत्रे आली, रॉडचे काय?

महोदय,

मार्चअखेर आला की कंपन्यांच्या सीएसआरची, म्हणजे सामाजिक कामावर कायद्याने खर्चायची, उरलेली रक्कम आयटीआयकडे वळते. सहा वेल्डिंग यंत्रे येतात, फलक लागतो, फीत कापली जाते. सहाही एकदम सुरू केली की ब्रेकर पडतो, कारण मंजूर वीजभार कुणी पाहिलेलाच नसतो. तो महावितरणकडून वाढवून घेता येतो. रॉडसाठी, म्हणजे जोड देताना वितळून संपणाऱ्या वेल्डिंगच्या कांड्यांसाठी, मात्र तरतूदच नसते.

वेल्डिंगला हात बसावा लागतो. मुलाने दिवसाला 15 रॉड तरी जाळायला हवेत. 20 जणांच्या तुकडीला रोज 300 रॉड लागतात, 3.15 मिमी जाडीचे, 350 मिमी लांबीचे धरले तर आठ-नऊ किलो. वर जोडायला 10 मिमी जाडीच्या लोखंडी पट्ट्या कापून, कडा घासून द्यायच्या. एवढे साहित्य नसले की वाट्याला दोन-तीन रॉड येतात आणि तेही सपाट जोडावर संपतात. उभा जोड आणि डोक्यावरचा जोड राहूनच जातो. भरतीच्या चाचणीत नेमका तोच पुढे ठेवतात. पावसाळ्यात रॉडला ओल धरते, आर्क (रॉडच्या टोकाची विजेची ज्योत) नीट धरत नाही, जोडात बारीक छिद्रे पडतात आणि बोलणी मुलगा खातो. रॉड सुकवायची छोटी भट्टी यादीत का नसते, देव जाणे.

'असा वर्षानुवर्षांचा खर्च नियमात बसत नाही' हे कंपन्यांचे ठरलेले उत्तर. ते खरे नाही. कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली संचालक मंडळाने काम बहुवर्षीय प्रकल्प म्हणून मंजूर केले, तर सुरुवातीचे वर्ष सोडून पुढची तीन वर्षे ते चालवता येते. त्यातली न खर्चलेली रक्कम 30 एप्रिलपर्यंत स्वतंत्र खात्यात टाकली की मार्चमधली धावपळ टळते. प्रशासकीय खर्चावरची 5 टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभाराला आहे. प्रकल्पावर शिकवणाऱ्या निदेशकाचे मानधन, रॉड, पट्ट्या त्यात मोजत नाहीत.

परिणामांचे मूल्यमापन मोठ्या कंपन्यांना, तेही एक कोटी वा त्याहून मोठ्या प्रकल्पांसाठीच सक्तीचे आहे. आयटीआयची बहुतेक कामे त्याखालची. म्हणून करारातच दोन आकडे मागावेत: दरमहा किती किलो रॉड जळले आणि सहा महिन्यांनी किती मुले वेल्डर म्हणूनच कामावर आहेत. पहिला आकडा भांडारातल्या साठा नोंदवहीत आयताच मिळतो.

— काही निवृत्त शिल्प निदेशक, पुणे